कंबरमोडीचं पुढं काय झालं? विदर्भातल्या फार्मसी आणि आयुर्वेद महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातील औषधनिर्माणशास्त्र व आयुर्वेद महाविद्यालयांतले मार्गदर्शक प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

जखमेवर वनस्पतींचे अर्क, या विषयावरचे तुमचे निबंध मी वाचत असते. सगळे नाही, हाती लागतात तेवढे. माझ्या नोकरीचा बराचसा काळ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला. त्यामुळे जखमेबद्दल कुणी काही लिहिलेलं दिसलं की ते वाचल्याशिवाय राहवत नाही.

आता ते मला पाठ झाल्यासारखे आहेत. अमुक झाडाचा पाला सावलीत वाळवला, भुकटी केली, सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात इथेनॉल घालून अर्क काढला. अर्कात टॅनिन, फ्लेवोनॉइड, सॅपोनिन मिळाले. पाच टक्के आणि दहा टक्के अशी दोन मलमं केली. विस्टार जातीचे पांढरे उंदीर घेतले, पाठीवरचे केस काढले, गोल जखम केली आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या, सोळाव्या दिवशी ती मोजली. मलम लावलेल्या उंदरांची जखम लवकर मिटली. शेवटी एक वाक्य ठरलेलं: या वनस्पतीच्या पारंपरिक वापराला आधार मिळाला असून माणसांवर अधिक अभ्यास व्हायला हवा.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उगवणाऱ्या कंबरमोडीसारख्या पाल्यावर तो अधिक अभ्यास कोण करणार, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे.

आमच्याकडं जखमांचंही एक पंचांग असतं. आषाढ-श्रावणात निंदणाचं खुरपं लागतं आणि चिखलात उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या होतात. कुवारात, म्हणजे अश्विनात, सोयाबीन सवंगायला म्हणजे कापायला आलं की विळ्यानं डाव्या हाताची बोटं कापली जातात, आणि सवंगून झालेल्या रानातून चालताना धसकट तळपायात घुसतं. थ्रेशरच्या जखमा आमच्या हाताबाहेरच्या, त्यांना पट्टी दाबून थेट मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बायांच्या नखांच्या कडा वाळक्या बोंडांच्या टोकांनी सोलून निघतात. मग पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं उपटताना तळहाताला फोड. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलातले काटे.

यातल्या बहुतेक जखमा दवाखान्याचं तोंड पाहत नाहीत. धुऱ्यावर कंबरमोडी असते. कुणी तिला एकदांडी म्हणतं, कुणी दगडी पाला. तुमच्या निबंधात ती ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असते. चार पानं तोडायची, तळहातावर चोळायची, हिरवा रस जखमेवर पिळायचा, लुगड्याची चिंधी बांधायची आणि परत पातीला लागायचं. रोजी बुडत नाही. "रगत तं तेव्हाच थांबलं नं सिस्टर, मंग दवाखान्यात काहून येऊ?" असं बाया विचारायच्या. यावर 'ते अशास्त्रीय आहे' असं म्हणून त्यांना गप्प करणं मला कधी जमलं नाही. ते अशास्त्रीय आहे की नाही, हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

विळ्यानं लागलेलं उथळ बोट धड माणसाचं असेल तर आठवड्या-दहा दिवसांत आपोआपही भरतं. त्यामुळे 'कंबरमोडी लावली आणि भरलं' यावरून कंबरमोडीनं भरलं असं ठरत नाही, आणि तिनं काहीच केलं नाही असंही ठरत नाही. ते ठरवायला तुलना लागते. ती करण्याचं शिक्षण तुम्हाला मिळालं आहे, आम्हाला नाही.

तुमच्या प्रस्तावनांमधलं एक वाक्य मात्र खोडून टाका. 'हजारो वर्षांपासून भारतात वापरली जाणारी' असं कंबरमोडीबद्दल लिहिलेलं वाचलं की हसू येतं. ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. सुश्रुतानं ती पाहिली असणं शक्य नाही. ती इकडं आली, धुऱ्यावर पसरली, आणि मजुरी करणाऱ्या बायांनी तिला हाताळून, लावून, एकमेकींना सांगून कामाला जुंपली. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट अप्रूप वाटतं. ग्रंथात नसलेलं झाड त्यांनी स्वतःच्या बोटांवर तपासलं. फक्त त्या तपासणीची नोंद कुठं झाली नाही.

आता उंदरांकडं येते. कंबरमोडीवर उंदरांमधलं काम आजचं नाही, १९८०च्या दशकापासून भारतीय नियतकालिकांत आहे. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडनं मंदावलेली जखम कंबरमोडीच्या रसानं सावरते, असंही त्यात आढळलं होतं. म्हणजे धागा होता, आणि चांगला होता. त्यानंतर तोच प्रयोग थोडा इकडंतिकडं करून किती वेळा झाला, ते तुम्हीच मोजा.

उंदराची कातडी सैल असते. तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो आणि तो जखमेच्या कडा आत ओढून घेतो. म्हणून उंदराची जखम प्रामुख्यानं आकसून मिटते. माणसाची जखम तळातून लाल मांस भरत आणि कडेनं नवी कातडी सरकत बरी व्हावी लागते. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे, पुस्तकात आहे. त्यात तुमचा उंदीर तरणाताठा, पोटभर खाल्लेला, स्वच्छ पिंजऱ्यातला, आणि जखम निर्जंतुक पात्यानं केलेली. माझ्यापुढं स्टुलावर बसणारी बाई रक्तक्षयानं पांढुरकी पडलेली, पायाला शेण-माती लागलेली, आणि जखम तीन दिवसांची. त्या उंदरावरून या बाईबद्दल अंदाज बांधता येतो. अंदाजावर पट्टी बांधायची झाली तर ते काम बायाच करताहेत की.

दुसरीकडं काय झालं ते पाहा. भूर्ज म्हणजे बर्च झाडाच्या सालीचा अर्क युरोपात लोक लावत होतेच. कातडीला नुसता धक्का लागला तरी फोड येऊन ती सोलून निघते असा एक जन्मजात आजार आहे, एपिडर्मोलिसिस बुलोसा. या आजाराच्या २२३ रुग्णांवर त्या अर्काच्या जेलची चाचणी झाली. निम्म्यांना अर्काचं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं पण अर्क नसलेलं. ४५ दिवसांत अर्कवाल्यांपैकी ४१.३ टक्के लोकांची निवडलेली जखम पूर्ण मिटली, बिनअर्कवाल्यांपैकी २८.९ टक्के लोकांची. त्या आधारावर फिल्सुवेझ नावानं ते औषध युरोपात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२३च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं. अननसाच्या खोडातल्या विकरांपासून केलेलं नेक्सोब्रिड हे भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी काढायला वापरतात. त्याला युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०२२ साली परवानगी मिळाली. झाडाचा अर्क तपासून, मोजून, बाटलीत भरून ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर येऊ शकतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण मला त्यातला २८.९ हा आकडा जास्त बोलका वाटतो. नुसत्या, अर्क नसलेल्या जेलवर शंभरातल्या जवळजवळ २९ जणांची जखम मिटली. तुलनेला दुसरा गट नसता तर अर्काच्या नावावर सगळेच ४१ जमा झाले असते. गावात नेमकं हेच होतं. भोंदू वैद्यही त्याच्यावरच जगतो.

हे असं का होतं, त्याचं एक कारण १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांवर दाखवलं. उघडी राहून खपली धरलेल्या जखमेपेक्षा पातळ प्लास्टिकखाली ओलसर राखलेली जखम साधारण दुप्पट वेगानं कातडीनं झाकली गेली. मग कंबरमोडीचा ओला पाला बांधल्यावर काम कोण करतं, पाल्यातलं द्रव्य की पाल्याचा ओलेपणा? बहुतेक उंदीर-निबंधांत एका गटाला मलम आणि एका गटाला काहीच नाही, अशी तुलना असते. त्यातून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

सुश्रुतानं व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यात पत्रदान आहे, जखमेवर पान ठेवणं. आयुर्वेदाच्या प्राध्यापकांना हे मी सांगायला नको. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी हीच गोष्ट नव्या पद्धतीनं करून पाहिली. केळीची पानं कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या रुग्णांच्या आणि दुसरीकडं लावायला कातडी काढून घेतलेल्या जागेच्या जखमांवर बांधली, दुसऱ्या पट्ट्यांशी तुलना केली, आणि २००३ साली परदेशी नियतकालिकात छापलं. पान जखमेला चिकटत नाही, पट्टी काढताना रुग्ण ओरडत नाही, खर्च किरकोळ. त्यांनी पानात कोणतं चमत्कारी द्रव्य आहे असा दावा केला नाही. झाकण म्हणून पान कसं आहे, एवढंच विचारलं आणि त्याचं उत्तर मिळवलं. आपल्याच राज्यातलं, महापालिकेच्या रुग्णालयातलं, गरिबांच्या जखमांवरचं काम आहे ते. तुमच्या संदर्भसूच्यांत ते मला फार क्वचित दिसतं.

हळदीचं प्रकरण निघाल्याशिवाय हा विषय पुढं जात नाही, म्हणून तेही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे आणि छापील निबंधांचे ३२ पुरावे पुढं ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्या लढाईत सिद्ध झालं ते इतकंच की हा उपयोग नवा नाही. हळदीनं जखम किती आणि कोणती भरते, हा प्रश्न त्या कज्ज्यात नव्हताच. तरीही आमच्याकडच्या प्रत्येक व्याख्यानात 'अमेरिकेनंही मान्य केलं' अशी त्याची सांगता होते. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद पिकते. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यात कुर्कुमिन हे हळदीतलं पिवळं द्रव्य भरपूर असतं. इतकं सगळं हाताशी असून ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात ठराविक मात्रेचं, निर्जंतुक, तपासलेलं हळदीचं एकही मलम मी पाहिलेलं नाही. बाया आणतात ती दुकानातली सुटी हळद. तिच्यात जिवाणूंचे बीजाणू असतात, आणि भेसळ असेल तर लेड क्रोमेट म्हणजे शिसंही. शिवाय पिवळ्या थराखाली जखमेची लाली दिसत नाही. कडा लाल होऊन वर चढू लागल्या आहेत की नाही, हे पाहायला आम्हाला आधी ती हळद धुवावी लागते, आणि माणूस कळवळतो.

पाला लावल्यानं नुकसान होतं ते बहुतेक वेळा पाल्यामुळं नाही, पाला लावून घरी थांबल्यामुळं. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. खोल शिरलेलं धसकट, वरून पाला, वरून चिंधी, आत हवा नाही: त्यांना हवं ते सगळं मिळालं. धुऱ्यावरचा पाला न धुता चोळला तर मातीही तीच. मळलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर सुई घ्यायला हवी. पूर्वी ती टीटीची असे, २०१९ पासून टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवरची, असते. ही सुई फुकट मिळते. कोणत्याही पाल्यात तिची जागा घेणारं काही नाही. कुत्रं चावलं तर पाला, चुना, मिरचीपूड यांतलं काही न लावता साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि रेबीजच्या लशीसाठी धावायचं. साप चावल्यावर तर जखमेचा विचारच करायचा नाही, गाडी शोधायची.

शुगरवाल्यांचे पाय हा वेगळा अध्याय. तळपाय बधिर, चप्पल कधी निघाली ते कळत नाही, खडा रुतलेला दिवसभर तसाच. कडुनिंबाच्या पाण्यानं धुवून, कोरफड बांधून, घरचे सगळे उपाय संपल्यावर माणूस येतो तेव्हा बोट काळं पडलेलं असतं. विदर्भाला बधिर पायांच्या जखमा नव्या नाहीत. वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याजवळचं १९४९ सालचं आनंदवन, इथं कुष्ठरोग्यांच्या अशा जखमा पिढ्यान्‌पिढ्या धुतल्या गेल्या. अशी जखम त्या जागेवरचा दाब काढला तर भरते. दाब तसाच ठेवून वर कितीही भारी लेप लावा, उपयोग नाही. मधुमेही जखमेवरचा अर्क तपासताना रुग्णाला कोणती चप्पल दिली, हे तुम्ही लिहीत जा.

कोरफडीबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण 'नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी तोटा नाही' हे मी पदव्युत्तर मुलांच्या तोंडूनही ऐकलं आहे. हलक्या भाजण्यावर कोरफडीचे काही अभ्यास आशा दाखवतात. पण १९९१ साली अमेरिकेत, सिझेरियन किंवा पोटाच्या इतर शस्त्रक्रियेनंतर टाके उसवून उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल तपासलं. नुसत्या नेहमीच्या पट्टीच्या जखमा सरासरी ५३ दिवसांत भरल्या, जेल लावलेल्या जखमांना ८३ दिवस लागले. तीस दिवस जास्त. आमच्याकडं त्यासाठी अमेरिकेत जायला नको. बिब्ब्याचं तेल भेगांवर लावून पायभर फोड आलेले, काटा निघावा म्हणून रुईचा चीक लावता लावता तोच हात डोळ्याला लागून डोळा लाल झालेले, असे लोक दर वर्षी येतात. आणि ज्याला सगळे वनौषधी समजतात त्या जात्यादी तेलातही जाई, निंब यांच्या जोडीला मोरचूद असतो. वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोरचूद किती, हे मोजावं लागतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच निबंधात सापडली नाही, आणि ती विदर्भातल्या माणसालाच सुचायला हवी. तुम्ही पाला कुठून आणता? 'स्थानिक परिसरातून गोळा केला' असं लिहिता. आमच्या परिसरात आता धुऱ्यावर तणनाशक मारतात आणि पऱ्हाटीवर कीटकनाशक. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध कापसाच्या ओळीवरच संपून धुऱ्यावरच्या कंबरमोडीपर्यंत पोचत नसेल? आजीच्या काळातला पाला आणि आजचा पाला एक नाही. कापलेल्या बोटावर बाई काय चोळते आहे, त्यात काय काय उतरलं आहे, याची तपासणी तुमच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. उंदीर लागत नाही, परवानगीची थप्पी लागत नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं हा विषय घेतला तर त्याचा निबंध मी लॅमिनेट करून गावच्या उपकेंद्रात लावीन.

मागं एका महाविद्यालयाच्या मुली गावात प्रश्नावली घेऊन आल्या होत्या. पोरी गोड होत्या, उन्हात घरोघर हिंडल्या. म्हाताऱ्यांनी त्यांना चहा पाजला, पाला दाखवला, कोणत्या महिन्यात तोडायचा, कोवळा की जून, दुधात की पाण्यात, सगळं सांगितलं. फोटो झाले, अंगठे झाले. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यातली एक आजी पट्टीला आली तेव्हा म्हणाली, "बाई, त्या पोरीनं माह्या पाल्याचं काय केलं वं? कामाचा निंघाला का नाई?" तो निबंध मी पुढं शोधून वाचला. तिचं गाव त्यात 'अभ्यासक्षेत्र' झालं होतं आणि ती 'माहितीदाता, स्त्री, वय साठच्या वर'. निष्कर्ष तिच्यापर्यंत कुणी आणलाच नाही.

कायद्यानंही हे एवढं स्वस्त नाही. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असायला हव्यात, आणि राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. समित्या कित्येक ठिकाणी कागदावर आहेत, हे मान्य. पण तुम्ही ग्रामसभेत एकदा उभं राहून आम्ही काय नेतोय, कशासाठी, परत कधी येऊ, हे सांगायला समितीची वाट पाहायची गरज नाही.

मला तुमच्या अडचणी दिसत नाहीत असं नाही. एम. फार्म.च्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी जेमतेम वर्ष मिळतं. फार्मसी महाविद्यालयात प्राणिगृह असतं, रुग्ण नसतात. आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्ण असतात, पण अर्काची मात्रा बांधून देणारी यंत्रं नसतात. वर्षभरात उरकायचं तर उंदीर सोपा. पण ही दोन महाविद्यालयं पुष्कळदा एकाच शहरात, कधी एकाच रस्त्यावर असतात! एका विद्यार्थ्यानं सगळं करायची गरज काय? एक तुकडी वनस्पती ओळखून, वाळवून, मात्रा ठरवेल, पुढची मलम सहा महिने टिकतं का पाहील, तिसरी रुग्णालयाबरोबर चाचणी करेल. आयुष मंत्रालयाची बाहेरच्या संस्थांना संशोधनासाठी अनुदान देणारी योजना आहे. दहा विद्यार्थ्यांनी दहा झाडांवर दहा वेळा उंदीर कापण्यापेक्षा दहा जणांनी मिळून एक झाड तडीला न्या.

आणि ते झाड कंबरमोडी असावं, असं माझं म्हणणं आहे. ती फुकट आहे, सगळीकडं आहे, लोक लावतातच, आणि उंदरांमधलं काम पुरेसं झालेलं आहे. चाचणी छोट्या, उथळ, ताज्या कापांपासून सुरू करा. चावे, खोल टोचलेल्या जखमा, शुगरवाले, गरोदर बाया, लहान मुलं यांना पहिल्या खेपेला बाहेर ठेवा. प्रत्येकाची जखम साबण-पाण्यानं धुवायची, प्रत्येकाला लागेल तशी टीडी द्यायची, यात दोन्ही गटांत काडीचाही फरक नको. मग निम्म्यांना अर्काचं मलम आणि निम्म्यांना तेच मलम बिनअर्काचं. इथं एक गंमत होईल, आधीच सांगून ठेवते. कंबरमोडीचं मलम हिरवट असणार आणि त्याला तिचा वास येणार. आमच्या बायांना तो वास झोपेतही ओळखू येतो. बिनअर्काच्या मलमाला रंग आणि वास द्यावा लागेल, नाहीतर कोण कुठल्या गटात हे पहिल्याच पट्टीला चावडीवर कळेल. जखमेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या आणि मोजणाऱ्याला गट सांगू नका. किती माणसं लागतील ते संख्याशास्त्रज्ञाला आधी विचारा, नंतर नाही. पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, हे तर आलंच. संमतीपत्र वऱ्हाडीत लिहा आणि वाचून दाखवा.

आणि निकाल काहीही लागो, छापा. कंबरमोडीचा काही उपयोग नाही, नुसतं धुणं आणि स्वच्छ झाकण तेवढंच काम करतं, असं निघालं तरी माझ्या दृष्टीनं ती मोठी बातमी आहे. मग मी बायांना सांगेन, पाला सोडा, पाण्याची बाटली आणि साबणाची वडी रानात न्या. उपयोग आहे असं निघालं तर आशाताईच्या पेटीत ते मलम असायला हवं, आणि त्या मलमाच्या नोंदीत कोणत्या गावांनी ही माहिती दिली ते हवं. आत्ताच्या घडीला मला दोन्हीपैकी काहीच सांगता येत नाही.

सोयाबीनची सवंगणी कुवारात येते आणि बोटं कापण्याचे ते दिवस महिनाभरच टिकतात. त्याआधी मलम तयार, मंजुऱ्या हातात आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालेलं हवं. म्हणजे कागदपत्रं उन्हाळ्यातच हलायला हवीत. कुणी मनावर घेतलं तर ड्रेसिंगचं रजिस्टर कसं ठेवायचं, कोणत्या गावात विळ्याचे काप जास्त येतात, कोणती आशाताई फोटो नीट काढते, हे सगळं सांगायला मी येईन, मानधन नको. फेरतपासणीचा दिवस मात्र बाजाराचा ठेवा. इतर दिवशी रोजी सोडून कुणी येणार नाही.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका
जिल्हा यवतमाळ